बिनसिमचा फोन

राजापेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर जैनुद्दीन सरांचा कॉम्प्युटर क्लास. माणूस हुशार, पण डोक्याला ताप. २०१३च्या उन्हाळ्यात त्यांनी एक साधा टचचा फोन घेतला आणि तेव्हापासून गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली माझी एकुलती एक खुर्ची अडवून ठेवली. खुर्चीत बसायचं, फोनकडे पाहायचं आणि करवादायचं, एवढाच उद्योग.

मूळ दुखणं असं. सरांनी चौथीच्या स्कॉलरशिपसाठी गणिताचा प्रोग्राम केला होता. बारा धडे, चित्रं त्यांचीच, आवाजही त्यांचाच. सहा वर्षं खपून केलेलं काम. सीड्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत वाटल्या. पण दिवसभर लोडशेडिंग, त्यामुळे शाळांतले कॉम्प्युटर चादरी पांघरून कुलपात पडले. मग नांदगाव खंडेश्वरकडच्या एका शाळेतल्या शकुन मॅडम आल्या. म्हणाल्या, "सर, दिवाळीपासून पोरी मायसंग कापूस वेचाले जातात. शाळेत दिसतच नाईत. पण मायजवळ फोन असते. तुमचा प्रोग्राम फोनवर येते काय?"

"काहून नाई येनार?" सर म्हणाले.

इथून माझे हाल सुरू झाले. प्रोग्राम फोनवर न्यायचा म्हणजे गाण्यासारखा टाकायचा, अशी आम्हा दोघांची समजूत. तसं काही नसतं. सगळा नव्याने लिहावा लागतो, आणि तेही पन्नाशीच्या माणसाने इंटरनेटवरचे अडकत अडकत चालणारे व्हिडिओ पाहून शिकायचं. अक्षरं मुंगीएवढी दिसायला लागली. ती मोठी केली तर चित्रं बाहेर गेली. कॉम्प्युटरवर माउसचा बाण चित्रावर नुसता नेला की सरांचा आवाज अपूर्णांक वाचून दाखवायचा. फोनवर बोट टेकवलं की पोराने उत्तरच दिलं असं तो समजायचा.

"आता बोट हवेत धराव काय, केशवराव?" सर माझ्यावर ओरडायचे, जणू फोन मी बनवला.

"मले काय विचारता? मी झेरॉक्सवाला हाव," मी म्हणायचो.

त्या फोनमध्ये त्यांनी सिमही टाकलं नव्हतं. "कामाच्या फोनवर फोन कशाले पाहिजे?" असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं, हे कबूल करतो.

नोव्हेंबरात काम झालं. शकुन मॅडमनी नऊ पोरींच्या आयांच्या टचच्या फोनांत ते टाकून घेतलं. सरांनी पेढे वाटले आणि माझी खुर्ची मोकळी झाली. जानेवारीत माझ्या दुकानातल्या फोनवर मॅडमचा फोन आला. वर्गात सगळ्यांत हुशार पोरगी अपेक्षा, आणि ती अजून पहिल्याच धड्यावर! परीक्षा तर मार्चमध्ये. सर भडकले. "मी जीव काढून बनवाव आन् यायनं खेळत बसाव! चला, दाखवा मले ते पोट्टी." स्कूटर अर्थातच माझी.

अपेक्षा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली बसली होती. हातात आईचा फोन, धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला. तिची आई लीलाबाई वेचणाऱ्या पंधरा बायांची म्होरकी. पोरीने आमच्यासमोर पहिला धडा काढला. एक चूक नाही. फोनमधला सरांचा आवाज प्रश्न वाचून संपवायच्या आत तिचं बोट उत्तरावर पडायचं. दुसरा धडा उघडला आणि दोन मिनिटांत फोन वाजला, दोनदा वाजून बंद झाला.

"उचलू नको वं!" लीलाबाई कपाशीच्या ओळीतून ओरडली. "पलीकडच्या बाया निघाल्या मनून मिस कॉल हाय."

स्क्रीन परत आली. पहिला धडा.

म्होरकीचा फोन, त्यामुळे तासाभरात असे सात मिस कॉल आले. एक रिंग म्हणजे गाडी नाल्यावर आली, तीन म्हणजे वजनकाटा पाठवा. कॉम्प्युटरवर पोरगं शेवटी 'बाहेर'चं बटण दाबायचं, तेव्हा कुठं झालेला धडा जपला जायचा. सरांनी फोनवरही तेच ठेवलेलं. फोन आला की ते बटण न दाबताच प्रोग्राम बंद व्हायचा आणि झालेला धडा पुसला जायचा. मधेच कोणी फोन करेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बिनसिमच्या फोनला कोण मिस कॉल देणार?

"असं होते तं सांगतलं काहून नाई?" सर अजून तावातच होते.

अपेक्षा खाली बघून म्हणाली, "मले वाटलं माहीच चूक होऊन राहिली. बरोबर येत नाई मनून सर पुन्हा पहिल्यापासून कराले लावतात."

आवाज सरांचाच होता ना त्यात! दोन महिने ती पोरगी तो एकच धडा बिनचूक सोडवत होती आणि आपली चूक शोधत होती. सर तिच्याजवळ धुऱ्यावर बसले. मला त्यांचा जितका राग आला होता, तितकाच माझाही.

चार दिवसांत त्यांनी दुरुस्ती केली. फोनमध्ये सिम टाकलं आणि मला सांगितलं, सुचेल तेव्हा मिस कॉल द्या. मी गिऱ्हाईक सोडून दिवसाला चाळीस-चाळीस दिले. धडा जागचा हलला नाही तेव्हाच सर नवा प्रोग्राम घेऊन अपेक्षाच्या गावाला गेले, आणि येताना या फोनचा नंबर तिला देऊन आले.

परीक्षेपर्यंत अपेक्षा नवव्या धड्यापर्यंत पोचली. तीन राहिले ते राहिलेच. निकालाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. सरांनी यादी माझ्या काउंटरवर दोनदा वाचली आणि ते पुन्हा त्या खुर्चीत बसले.

त्यानंतर आठवड्याने त्यांचा तो कामाचा फोन वाजला. मी मिस कॉल समजलो, पण तो वाजतच राहिला.

"सर, मी अपेक्षा. पाचवीत गेली मी. राहिलेले धडे कराचे हायेत. पुन्हा पहिल्यापासून करू काय?"

सरांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"नाई बेटा," ते म्हणाले, "दहाव्यापासून. चूक तुही नव्हती."