वडवणीकडचे पाळकसाहेब

पाळकसाहेब बदलून जातात, किस्से मात्र आमच्याकडेच ठेवून जातात. वडवणीजवळच्या आमच्या छोट्या लुथरन चर्चच्या मंडळीचा मी कित्येक वर्षं चिटणीस आहे. रजिस्टरमध्ये लिहिता येणार नाही असंच माझ्याकडे जास्त साठलंय.

*

आधीचे गायकवाड साहेब उपदेश कागदावरून वाचायचे. एका रविवारी मधेच लाइट गेली. "लाइट येईपर्यंत प्रार्थना करू," म्हणाले आणि डोळे मिटले. लाइट आली, पंखे फिरले, प्रार्थना आपली चालूच. शेवटी एकदाचं आमेन झालं. साहेबांनी डोळे उघडले आणि एकदम खूश! "बघा, प्रभूनं ऐकलं!"

पुढच्या बाकावरच्या सारामावशी म्हणाल्या, "त्यानं लई मघाच ऐकलं साहेब. तुमीच थांबायला तयार न्हाई."

*

त्यांच्यानंतर डॉक्टर साळवे आले. धर्मशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस आमच्या वाट्याला कसा आला, देव जाणे. पहिल्याच उपदेशात त्यांनी सगळ्या शिकवणीचं सार सांगितलं: माणूस स्वतःच्या कष्टानं तरत नाही, निव्वळ कृपेनं तरतो.

बाहेर पडताना ऊसतोडीला जाणाऱ्या याकोबनं त्यांचा हात धरला. "साहेब, एवढं आमच्या मुकादमाला बी सांगा की."

*

मग पाळकांचं एक शिबिर आमच्याकडे भरलं. विषय होता 'सेवकाची नम्रता'. स्टेजवरच्या मधल्या खुर्चीत कोणी बसायचं, यात अर्धा तास गेला. शेवटी ती प्रभूसाठी रिकामी ठेवायचं ठरलं. बिशपसाहेब उशिरा आले आणि थेट तिच्यावरच बसले.

*

तेच बिशपसाहेब गेल्या नाताळला आले. पत्र आधीच आलं होतं: नाताळला चर्च भरलं नाही, तर पाळक काढून घेऊ आणि मंडळी बीडला जोडू. साळवे साहेबांची झोप उडाली होती, माझीही. डिसेंबरात आमची माणसं कारखान्यांकडे ऊस तोडत असतात. बाकांवर आम्ही नऊ जण, तेही सगळे म्हातारे. मला रडू यायचंच बाकी होतं.

साळवे साहेब लेखी खुलासा वाचायला उठले. बिशपसाहेबांनी हात वर केला. "ते राहू द्या. निदान नाताळला तरी माणसांनी आपापल्या घरी असू नये का?"

एवढे शिकलेले साळवे साहेब, पण हातातला खुलासाच चाळायला लागले. सारामावशी काठी टेकत उठल्या.

"साहेब, पहिल्या नाताळला मरीया आन् योसेफ आपल्या घरी व्हते व्हय?"