बाळासोंच्या नाकापर्यंत पोचलेला घास

कोल्हापुरात बाळासोंचा चटणी कांडायचा डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायची गिरणी, आहे. मसाला भाजताना ते नुसत्या वासावर "बास, उतरवा" म्हणायचे आणि गिऱ्हाइकं त्यांच्यावर सोडून निर्धास्त असायची.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचा वास गेला, तो आलाच नाही. मिरचीच्या खकाण्यानं खोकला यायचा, तिखटानं जीभ भाजायची, बाकी काही नाही. तांबडा रस्सा काय आणि गरम पाणी काय, त्यांना सारखंच. भाजायचं काम बायकोनं, लीलाबाईंनी, हातात घेतलं. बाळासो पोती उचलू लागले. जेवायला बसायचंही त्यांनी सोडलं. भाकरी दुधात कुस्करून उभ्याउभ्या संपवायची आणि बाहेर पडायचं.

मुलगी मधुवंती पुण्याहून सुट्टीला आली. तिनं ताराबाई पार्कातल्या एका जपानी हॉटेलात तिघांची जागा धरली. एक लांब लाकडी ओटा, अलीकडे आठ खुर्च्या आणि पलीकडे सयाजी. हा पन्हाळ्याकडचा, ओसाकात काही वर्षं सुशी शिकून परत आलेला.

"माझ्यावर कशाला वाया घालवतीस?" बाळासो म्हणाले. "मला चिंध्या चारल्या तरी कळायचं न्हाय."

मधुवंतीनं सयाजीला सगळं सांगितलं. त्यानं हळहळ केली नाही.

"काका, गार-गरम कळतं?"

"कळतंय की."

"मऊ, कडक?"

"दात हाईत अजून."

"मग चालतंय."

सयाजीनं कोमट भाताचा छोटा मुटका हातात वळला, त्याला बोटानं वासाबी, एका जपानी झणझणीत मुळाची हिरवी चटणी, लावली, वर माशाची गार, पातळ चकती ठेवली. "हातानंच उचला. एका घासात."

बाळासोंनी तोंडात टाकला. भात कोमट होता, मासा गार. चावताना भाताची शितं सुटी झाली. मग एकदम झणका नाकात चढला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आवं, काय झालं? पाणी द्या की कुणीतरी!" लीलाबाई उठल्याच.

बाळासोंनी हातानंच थांबवलं. झणका आला तसा ओसरला.

"वास आला, अण्णा?" मधुवंतीनं विचारलं.

"वास न्हाय. पर नाक हाय, एवढं कळलं."

त्यांनी सयाजीपुढं बोट केलं. "ते हिरवं जरा जास्त लाव."

पुढचे घास त्यांनी सावकाश खाल्ले. समुद्राच्या शेवाळाचा पापडासारखा मोडणारा कागद त्यांना आवडला. लीलाबाईंनी कच्च्या माशाला हात लावला नाही. त्यांनी काकडीच्या सुशीवर भागवलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, वास परत येईल असं वाटत नाही. बाळासोंनी ऐकून घेतलं.

आता ते ताटावर बसतात. दही गार पाहिजे, भाकरीचा पापुद्रा कडक पाहिजे, कांदा हातानं फोडलेला पाहिजे. परवा त्यांनी वाटाणा मऊ झाला म्हणून उसळ परत पाठवली.

"आधी गप गिळत हुतासा," लीलाबाई म्हणाल्या, "आता नावं ठेवाय लागलासा."

"व्हय," बाळासो म्हणाले आणि दह्याची वाटी पुढं ओढली.