रोबोला लावलेले गंध
आमची हरिप्रियाअक्का तंजावुरात बालवर्गाला शिकवते. आवाज कधी चढवत नाही. म्हणूनच या विजयादशमीला जे झाले त्याचा तिच्यापेक्षा मला जास्त संताप येतो.

शाळेने मुलांसाठी एक छोटा रोबो घेतला. पाठीवर बाणांची चार बटणे. किती पावले, कुठे, ते दाबून ठरवायचे, की तो तसा चालतो. पाच वर्षांचा प्राणेश वर्गात तोंडच उघडत नसे. रोबोपुढे मात्र तो तासन्‌तास बसू लागला, आणि तिसऱ्या महिन्यात बटण दाबता दाबता तमिळमध्ये मोठ्याने मोजू लागला, "ओण्णु, रेण्डु, मूणु!" अक्का त्या दिवशी घरी येऊन रडली.

आदल्या दिवशी, आयुधपूजेला, शाळेचे संचालक वरुणराव यांनी संगणक, घंटा, बस, सगळ्यांना गंधकुंकू लावले. रोबोलाही, प्रत्येक बटणावर चांगला अंगठाभर. पूजेतल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. तोवर गंध फटींत वाळून घट्ट बसले.

विजयादशमीला नवे प्रवेश असतात. पालकांना रोबो दाखवायला वरुणरावांनी प्राणेशलाच बोलावले. त्याने बटण दाबले. रोबो हलेना. त्याने जोर लावला, तसा वरुणरावांनी त्याच्या हातावर फटका मारला.

"मोडलास की रे! परत हात लावूं नोको ह्याला!"

पस्तीस वर्षे सरकारी अधिकारी होता हा माणूस! बटणे लिंपली स्वतः आणि खापर फोडले पोराच्या डोक्यावर. तेही चाळीस लोकांसमोर.

अक्का उठली. केसांतली पिन काढून तिने सगळ्यांदेखत फटीतले वाळलेले गंध उकरले. बटण दाबताच रोबो तुरुतुरु चालला.

"गंध तुम्ही लावलें, सर," ती म्हणाली. "पूजेचें ताट माझ्या हातांत होतें. तेव्हां बोललें नाहीं, ती माझी चूक. आतां लेकराला सांगा, तुमची चूक म्हणून."

"पांच वर्षांच्या पोराला?" वरुणराव हसले. "चालतो की रोबो! झालें अस्कें, मिटलें सगळें!"

अक्काने रोबो प्राणेशपुढे ठेवला. "दाब, राजा. तूं कांहीं मोडलें नाहींस."

प्राणेशने दोन्ही हात पाठीमागे नेले.

तीन आठवडे झाले. अक्का रोज त्याच्याजवळ जमिनीवर बसते, बटणे दाबते आणि स्वतःच मोठ्याने मोजते. तो हात पाठीशी धरून, तोंड मिटून बघत राहतो.