अक्कानं बघितलेला किल्ला

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला आणि दाजींना दोघांनाच आत बोलावलं. आजार पार पसरला होता. घरी न्या, म्हणाले, खावंसं वाटेल ते खाऊ द्या. माझी थोरली बहीण, अक्का, बाहेर बाकावर बसली होती. दाजींनी तिला सांगितलं, "गोळ्या दिल्यात. गुण यील म्हनले." ती पायानं बाकाखालची चप्पल चाचपत राहिली.

लोहाऱ्याला तिच्या घरी सोडायचं होतं. गाडी मी चालवत होतो, दाजी शेजारी, अक्का मागं पडून. भुरभुर पाऊस होता. थोड्या वेळानं दाजी म्हणाले, "अणदूरला खंडोबापाशी थांबू. नवस बोलतो."

"देवाला लई येळा बघितलंय," मागून अक्का म्हणाली. "त्याच्या आधी नळदुर्ग लागतंय. किल्ला दावा मला. जल्मभर एस्टीच्या खिडकीतून भिंतच बघितली."

खरंच होतं ते. आमचं घर धनगराचं. लहानपणी ती मेंढरांमागं आणि लग्नानंतर दाजींच्या शेतात. रस्त्यावरून तट दिसायचा, पण उतरून बघायला जावं असं आमच्यात कुणाला कधी वाटलंच नाही.

दाजी म्हणाले, "अगं, पायऱ्या हायत तितं. दम लागंल तुला."

"लागू द्या."

रविवार होता. दारातून आत गेलो तर सहली, मोबाईल, छत्र्या, कणीस भाजणारे. बोरी नदीला पाणी आलेलं, त्यामुळं बांधावरून धबधबे पडत होते. त्यांना नर आणि मादी म्हणतात. बोट मात्र बंद होती. अक्काला बोटीत बसायचं होतं. तिनं तिथल्या माणसाला दोनदा विचारलं, "जरा बी न्हाय का?" तो म्हणाला, "मावशी, पान्याला वढ हाय." ती जरा वेळ बांधलेल्या बोटींकडं बघत उभी राहिली.

पाणी महाल त्या बांधाच्याच पोटात आहे. खाली उतरताना मी तिचा दंड धरला होता. दंड कुठला, नुसतं हाड हाताला लागत होतं. आत ओल आणि काळोख. खिडकीशी गेलो तर समोरून पाणी कोसळत होतं, तुषार तोंडावर येत होते. शेजारी एक नवं जोडपं फोटो काढत होतं. पोरगी म्हणाली, "मावशी, जरा सरका ना." अक्का सरकली. तिचा पदर भिजला होता. मी काहीतरी बोललो, ते आवाजात तिला ऐकूच गेलं नाही.

वर आलो तेव्हा ती धापा टाकत होती. तिला दगडी ओट्यावर बसवलं. जवळच एका गाड्यावर मिरची भजी तळत होते. तिनं नुसतं तिकडं बघितलं. दाजी उठले आणि न विचारता प्लेट घेऊन आले. चांगली भरलेली, वर तळलेल्या मिरच्या.

गेले कित्येक महिने हाच माणूस तिच्या ताटात तेलाचा थेंब पडू देत नव्हता. लोणच्याची बरणीसुद्धा त्यांनी फळीवर उंच ठेवली होती.

अक्कानं प्लेटकडं बघितलं. मग दाजींकडं. मग माझ्याकडं.

"म्हंजे आता कशाचंच पथ्य न्हाय, व्हय?"

दाजी तोंड फिरवून नळाकडं गेले. हात धुवायचं निमित्त. बराच वेळ नळ चालू होता. अक्कानं एक भजं मोडलं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"खा की. गार व्हायलीत." स्वतः एक घास खाल्ला, चावत राहिली. तिला गिळायला जड जात होतं. "त्यास्नी काय बोलू नगंस. मला कळलंय ते त्येंनी बघितलंच न्हाय, असं समज."

पुढं वाटेवर अणदूर आलं. दाजींनी गाडी थांबवायला सांगितलं नाही.

लोहाऱ्यात शेजारच्या बाया दवाखान्याचं विचारायला आल्या, तर अक्का त्यांना किल्ल्याचंच सांगत बसली. पाणी कसं पडतं, बोटी कशा रंगवल्यात. दवाखान्याचं एक अक्षर नाही.

दिवाळी तिनं बघितली, पण अंथरुणातून. शेवटी बोलणं बंद झालं. दाजी रात्रंदिवस तिचे तळपाय चोळत बसायचे, आणि "हिला आता बरं वाटंल," असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला म्हणायचे. मी हो म्हणायचो.

अक्काचं दहावं-तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा दाजींना पुण्याला, आपल्याकडं राहायला घेऊन गेला. त्या सकाळी मी गेलो होतो. चुलीवरची भांडी शेजारी देऊन झाली, अंथरुणं बांधून झाली. दाराला कुलूप मीच लावलं. चावी कुणाकडं ठेवायची विचारलं, तर दाजींनी कुलूप परत एकदा ओढून बघितलं.