रोबोटला लावलेलं कुंकू

अंबड एमआयडीसीत सव्वीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या लहानूला कौतुक मात्र मंगळाचं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे क्रिकेटचा विषय काढायचे, हा नासानं मंगळावर उतरवलेल्या गाडीचा. "नव्वद दिवसांसाठी धाडली होती, साडेचौदा वर्षं राबली! ना ओव्हरटाइम, ना बोनस." धुळीच्या वादळात ती गप्प झाली तेव्हा शास्त्रज्ञ आठ महिने तिला हाका मारत होते, हे सांगताना त्याचा घास हातातच राही.

"एवढ्या हाका तर माझी बायको पण मारायची नाय," शेजारी बसलेला केरू म्हणे. तोही वेल्डरच.

यंदा श्रावणात कारखान्यात वेल्डिंगचा रोबोट आला. दिवाळीनंतर आठ वेल्डरांतले दोनच ठेवणार, अशी कुणकुण लागली. बाकी सात जणांना रोबोटचा राग करणं जमलं. लहानू त्यानं जोडलेला सांधा बघून म्हणाला, "काय हात हाय राव!"

खंडेनवमीला लेथ, ड्रिल, सगळ्यांची पूजा झाली. रोबोटकडे कोणी फिरकेना. लहानूला कसंतरीच झालं. तो ताम्हन घेऊन गेला खरा, पण रोबोटला कपाळ कुठलं? हाताच्या टोकाशी, आतल्या बाजूला, एक काच चमकत होती. तिलाच त्यानं ओलं हळदकुंकू लावलं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि रोबोट हलेना. रोबोट सांभाळणाऱ्या गौरांगसाहेबांनी लॅपटॉपमध्ये सगळं पाहिलं, रोबोटकडे तेवढं पाहिलं नाही. आठही वेल्डर पुन्हा कामाला लागले. लहानूला काच आठवली. त्यानं केरूला बाजूला घेऊन सांगितलं.

"गप बस. देवानंच डोळे झाकलेत त्याचे."

"अरे, पण चांगला धडधाकट हाय तो. नुसतं दिसत नाय त्याला."

"लहान्या, माझी पोरगी बारावीला हाय."

दोन दिवस लहानू काम करता करता त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, ती काच पुसा. कुंकू मीच लावलं."

काच पुसली. हात सरसर फिरला. "लहानूभाऊ, पुढच्या वेळी पायाशी लावा!" साहेब हसले. दिवाळीनंतर कोणते दोघं ठेवणार, हे विचारायचं लहानूच्या जिभेवर आलं होतं. ते तिथंच ठेवून तो कामाला गेला.

दुपारी केरू डबा उचलून दुसऱ्या बाकावर गेला. बाकीचे सहाही गेले. लहानूनं सवयीनं लोणच्याची फोड केरूसाठी झाकणात काढून ठेवली होती. ती त्यानं परत डब्यात टाकली आणि भाकरी मोडली.