सेमीफायनलचं लाल कार्ड आणि आमची अंबू आत्या

माझ्या पायाला आजवर एकदाही फुटबॉल लागलेला नाही, आणि तरीही फुटबॉलमध्ये मला रेड कार्ड मिळालेलं आहे.

मी तिरुवैयारूला गाणं शिकवतो आणि तंजावुरात राहतो. रोज सकाळी स्कूटरवरून जायचं, चार घरी चार मुलांकडून तेच चार सूर घोटून घ्यायचे, आणि दुपारी घरी येऊन आंबटभात खाऊन आडवं व्हायचं, असा माझा कार्यक्रम. देवाने मला बुद्धी बेताची दिली, पण आवाज मात्र असा दिला की कचेरीत, म्हणजे इकडच्या गाण्याच्या मैफलीत, माइक बंद पडला तर शेवटच्या रांगेपर्यंत कुणाला कळत नाही. (शेवटच्या रांगेत कुणी असेल तर.) माझी मुलगी रुक्मिणी हा आवाज घेईल अशी माझी फार इच्छा होती. तिने फुटबॉल घेतला.

रुक्कू गोलकीपर आहे. दोन वर्षं ती नुसती बाकावर बसली, कारण पहिली गोलकीपर चांगली होती. यंदा त्या मुलीच्या वडिलांची त्रिचीला बदली झाली आणि रुक्कूला जागा मिळाली. मुलींच्या जिल्हा चषकात तिची टीम सेमीफायनलपर्यंत पोहोचली. फायनल रविवारी, आणि राज्याच्या टीमसाठी मुली निवडणारे लोक चेन्नईहून फक्त फायनल बघायला येणार होते. त्यामुळे रुक्कूला फायनल खेळायला मिळणं हा आमच्या घरातला एकमेव विषय होता. ती झोपेतसुद्धा दोन्ही हात वर करून झोपायला लागली होती.

चषकाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक टीमला एक मॅनेजर लागतो. बाकीच्या मुलींच्या वडिलांना दुकान, ऑफिस, मधुमेह असं काही ना काही होतं. मी दुपारी रिकामा असतो हे माझ्या बायकोने भर सभेत सांगितलं आणि मी मॅनेजर झालो. कामाचं स्वरूप विचारलं तर कोच म्हणाले, पाण्याच्या बाटल्या सांभाळा आणि गप्प बसा. यातलं पहिलं काम मी चोख केलं.

आता इथे आम्हा तंजावुरी मराठी लोकांची एक सवय सांगायला हवी. साडेतीनशे वर्षं इथे राहून आम्ही तमिळ होऊन गेलो आहोत, पण घरात आमची मराठी आहे, आणि घराबाहेर तिचा उपयोग एकच. लोकांदेखत लोकांबद्दल बोलायचं. साडीच्या दुकानात बायको हसतमुखाने साडीवरून हात फिरवते आणि मला मराठीत सांगते की माणूस लुबाडतोय, उठा. बसमध्ये शेजारच्याच्या नाकाबद्दल आम्ही शांतपणे चर्चा करतो. हे सगळं रुक्कूला लहानपणापासून उत्तम कळतं. फक्त ती उत्तर तमिळमध्ये देते, कारण मराठी बोललं की आपण म्हाताऱ्या दिसतो असं तिचं मत आहे.

तेव्हा सेमीफायनलला मी डोकं चालवलं. समोर ओरत्तनाडूची टीम. त्यांचे कोच तमिळमध्ये काय ओरडतात ते आपल्या मुलींना कळतं, पण मी मराठीत ओरडलो तर रुक्कूखेरीज कुणाला काही कळणार नाही. हे अस्त्र आपल्याकडे असून इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही याचं मला नवल वाटलं. मी बाटल्या खाली ठेवल्या आणि षड्ज लावला.

"रुक्कू, पुढे ये! ती चार नंबरची नुसती उंच आहे, तिला पळायला येत नाही!"

रुक्कू मागे गेली. चार नंबरची वाऱ्यासारखी आली आणि रुक्कूने बॉल पोटाशी धरला. मी सांगितलं, लांब मार. तिने शेजारच्या मुलीकडे हळूच सरकवला. मग आमच्या मुलींनी एक गोल केला. त्यात माझा काही हात नव्हता, मी तेव्हा बाटलीचं झाकण शोधत होतो. पण त्या गोलने मला चेव आला. थोड्या वेळाने रेफरीने आमच्याविरुद्ध एक फाऊल दिला. रेफरी चांगला पोटवाला, गोल चेहऱ्याचा, गोविंदराज नावाचा माणूस. मी त्याच्याकडे बघून प्रेमळ हसलो आणि बायकोला ऐकू जावं म्हणून म्हणालो, "ह्या वांग्याच्या हातात शिट्टी कोण दिला? आधी त्याच्या सदऱ्यात बघा, एक बॉल तिथेच आहे."

बायको बसली होती शंभर पावलांवर, तेव्हा आवाज तसाच लागला.

गोविंदराज थांबला. घड्याळ थांबवलं. सगळं मैदान ओलांडून सावकाश माझ्यासमोर आला, खिशातून लाल कार्ड काढून माझ्या नाकासमोर धरलं, आणि आमच्या घरात माझे आजोबा बोलायचे तशा मराठीत म्हणाला, "सांगून जालं न्हवे? आता बाहेर जावा."

त्याच्या घराण्याचं कापड शिवायचं दुकान आहे आणि आठ पिढ्या घरात मराठी आहे, हे मला नंतर कळलं. मला मैदानाबाहेर, भिंतीपलीकडे काढलं. शहाणा माणूस घरी गेला असता. मी भिंतीला लावलेल्या स्कूटरच्या सीटवर चढून उभा राहिलो आणि पुढचा अर्धा तास तिथून सूचना दिल्या. शेवटच्या मिनिटाला ओरत्तनाडूला पेनल्टी मिळाली. चार नंबरचीच मारणार होती. मी जीव तोडून ओरडलो, "उजवीकडे, रुक्कू! उजवीकडे!" रुक्कूने डावीकडे झेप घेतली आणि बॉल अडवला. एक-शून्यने आम्ही जिंकलो, आणि मी आनंदाने स्कूटरसकट पडलो.

मैदानासमोरच्या चहाच्या दुकानात मग जी चर्चा झाली ती मी गुडघ्याला बर्फ लावून ऐकली. आमच्या बाजूचे म्हणत होते की खेळाडू नसलेल्याला कार्ड लागूच होत नाही. ओरत्तनाडूचे म्हणत होते की लागू होतं, आणि पुढच्या सामन्यात मला खेळता येणार नाही. एका निवृत्त पोस्टमनचं म्हणणं पडलं की शिवी ज्या भाषेत दिली त्या भाषेत अर्ज यायला हवा. मी नक्की काय बोललो हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं की मी रेफरीला पाणी हवं का, असं विचारलं.

संध्याकाळपर्यंत ओरत्तनाडूच्या मॅनेजरने लेखी तक्रार दिली. चषकाच्या नियमात स्पष्ट होतं की बाहेर काढलेल्या मॅनेजरने टीमला मदत केली तर सामना समोरच्या टीमला जातो. पुरावा म्हणून त्यांनी सगळ्या सामन्याचं मोबाइलवरचं चित्रण जोडलं होतं. त्यात भिंतीवर माझं डोकं दिसत होतं आणि आवाज तर असा स्वच्छ आला होता की तसा माझा एकाही कचेरीत आलेला नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता समितीची बैठक ठरली. रुक्कू त्या रात्री जेवली नाही. माझ्याशी भांडली असती तर बरं वाटलं असतं, पण तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मोजे धुवायला गेली. मला माझी फार लाज वाटली.

समितीपुढे अडचण एकच होती. मी ओरडलो ते मराठीत, आणि समितीत कुणालाही मराठी येत नाही. गोविंदराज स्वतःच फिर्यादी, त्याचं भाषांतर चालणार नाही. बायकोचं चालणार नाही, ती बायको. मग अध्यक्षांनाच आठवलं, तुमची अंबू टीचर आहे की. तंजावुरातला निम्मा पुरुषवर्ग माझ्या आत्याच्या हातून तिसरी पास झालेला आहे, त्यात अध्यक्षही आले. ओरत्तनाडूवाल्यांनीसुद्धा लगेच होकार दिला. मला वाटलं, सुटलो, सख्खी आत्या! ते लोक इतक्या पटकन का तयार झाले याचा मी विचार करायला हवा होता.

कारण अंबू आत्या खरं बोलते. नातेवाइकांत ती त्यासाठीच कुप्रसिद्ध आहे. माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी मुलाला गाणं कसं येतं म्हणून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं होतं की मोठ्याने येतं. तरी मी सकाळी डबाभर फिल्टर कॉफी घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, आत्या, वांगं म्हणजे आपल्याकडे लाडाने म्हणतात, असं सांग. आत्या म्हणाली, "वांगं म्हणजे तमिळमध्ये कत्तरिक्काय. दुसरं काय असेल?" मग मी चिडून अध्यक्षांबद्दलही दोन शब्द बोललो आणि कॉफीचा डबा घेऊन परत आलो.

बैठक एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात होती. लांब टेबलापलीकडे समिती, अलीकडे आम्ही, भिंतीशी दोन्ही टीमच्या मुली. आत्या आत आली तशी समिती उभी राहिली आणि ती बसेपर्यंत बसली नाही. मोबाइल सुरू झाला आणि आत्याने एकेक वाक्य तमिळमध्ये सांगायला सुरुवात केली. वांगं सांगितलं. सदऱ्यातला बॉल सांगितला. गोविंदराजने पोट आत घेतलं. समितीतल्या एकाला हसू आलं, तर आत्याने त्याला बाकावर उभं करण्याच्या नजरेने पाहिलं. मग ती म्हणाली की हा आज सकाळी माझ्या घरी अध्यक्षांना उंबऱ्यावरचं मडकं म्हणाला, तेही लिहून घ्या. अध्यक्षांनी लिहून घेतलं.

कार्ड योग्य होतं याबद्दल आता वाद उरला नाही. भिंतीवरून मी सूचना दिल्या हेही सिद्ध झालं. अध्यक्षांनी नियमाचं पान उघडलं. रुक्कू भिंतीशी उभी राहून त्या पानाकडे बघत होती. तेव्हा मी उठून म्हणालो की चूक माझी आहे, मला जन्मभर मैदानाबाहेर ठेवा, मी लिहून देतो, पण पोरींचा सामना काढून घेऊ नका. माझा आवाज फुटला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिसऱ्या रांगेपर्यंतही गेला नाही.

त्या वेळी गोविंदराज खाकरला. त्याने आत्यालाच एक प्रश्न विचारला. हा सांगत होता ते कळलं, पण पोरगी काय करत होती?

मोबाइल परत पहिल्यापासून लागला. आत्या चष्मा पुसून बसली आणि धावतं समालोचन करू लागली. पुढे ये म्हणतो, ती मागे जाते. लांब मार म्हणतो, ती जवळ देते. बॉल सोडू नको म्हणतो, ती सोडते. उजवीकडे म्हणतो, ती डावीकडे उडी घेते. अशा अकरा सूचना निघाल्या आणि अकराही वेळा उलट झालं. शेवटी शेवटी ओरत्तनाडूच्या मुलीही माझं वाक्य संपलं की उत्तर आधीच सांगू लागल्या. अध्यक्षांनी रुक्कूला विचारलं, वडिलांचं तू काही ऐकलंस का? रुक्कू तमिळमध्ये म्हणाली, "सार, अप्पा सांगतात ते मी कधीच करत नाही. घरी विचारा." बायकोने आणि आत्याने एकदम मान हलवली. ओरत्तनाडूच्या मॅनेजरने सुस्कारा टाकला. त्यालाही मुली होत्या.

निकाल लेखी आहे. मॅनेजरला दिलेलं कार्ड योग्य; मात्र त्यांच्या सूचनांचा टीमला कोणताही उपयोग झाल्याचं आढळत नाही, सबब विजय कायम. खाली माझी सही घेतली. इतक्या आनंदाने मी इतक्या अपमानकारक कागदावर याआधी सही केली होती ती फक्त लग्नाच्या नोंदणीत, आणि ते वाक्य बायकोने वाचायच्या आत मी खोडणार आहे.

घरी जाताना रुक्कू स्कूटरवर मागे बसली होती. सिग्नलला थांबलो. शेजारी समितीतलेच दोघे मोटारसायकलवर. रुक्कू माझ्या कानाशी वाकली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी सलग मराठीत बोलली.

"अप्पा, ती पेनल्टी कुठे येणार मला कळलंच नव्हतं. तुम्ही उजवीकडे सांगटले, म्हणून डावीकडे गेलें. तुमचं कधी चुकत नाही. रविवारी भिंतीमागे येवा, आणि मनापासून ओरडा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे सामना मी जिंकून दिला होता! आणि हे कळलं तर फायनल जाईल, म्हणून कुणाला सांगायची सोय नाही. पण इतकी मोठी कामगिरी पोटात ठेवणंही मला जमेना, म्हणून इथे मराठीत लिहून काढली आहे. फायनल परवा आहे. समितीत कुणाला देवनागरी येत नाही, आणि गोविंदराजलाही वाचता येत नाही, ते मी विचारून घेतलं. तेव्हा काळजी नाही. फक्त माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे, म्हणून ही पानं तपासायला आजच अंबू आत्याकडे देतो आहे.