अर्ध्या तासासाठी तहकूब

जगात माणसाने एकट्याने करावी अशी एकही गोष्ट नाही, याची तुमच्या आजोबांच्या मावसभावाला इतकी खात्री होती की शिंक आली तरी ते आधी आजूबाजूला बघायचे, सोबत कोणी शिंकणार आहे का म्हणून. मी त्यांना भाऊजी म्हणायची, अख्खं धारूर त्यांना चेअरमन म्हणायचं. कशाचे चेअरमन, हे कोणी विचारत नसे, कारण उत्तर संपेपर्यंत चहा निवायचा. त्यांनी मिरची कांडपाची सहकारी संस्था काढली, शेळीच्या दुधाची काढली, बैलगाड्यांच्या चाकांना वंगण पुरवणारी काढली. ती निघाली तेव्हा गावात गाड्या किती आणि टेम्पो किती, हे बघायचं तेवढं राहून गेलं. परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजी, शाळेत शाश्वत विकास आणि गावातलं सामूहिक जीवन यावर लिहायचंय, तुमच्याकडे असं काही असतं का. असतं म्हणजे काय, दुसरं काही नव्हतंच. पाऊस नव्हता, नळाला पाणी नव्हतं, पण विकास होता, आणि सामूहिक जीवन तर इतकं होतं की दार लावून जेवायची सोय नव्हती.

‘शाश्वत’ हा शब्द भाऊजींनी जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणातून आणला. सोबत एक कापडी पिशवीही आणली, तिच्यावर तोच शब्द हिरव्या अक्षरात छापलेला होता. दुसऱ्याच धुण्यात अक्षरं गेली, शब्द मात्र राहिला. तेव्हापासून जगात जे टिकतं ते शाश्वत, आणि जे टिकत नाही ते नियोजनाअभावी, अशी त्यांनी सोपी विभागणी करून टाकली. त्यांची स्कूटर ब्रेक नसताना इतकी वर्षं चालत होती, म्हणून ती शाश्वत. रस्त्यावरची माणसं वेळेवर बाजूला होतात, हाही त्या स्कूटरचाच गुण, असं ते मानायचे. जाऊबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, रागही शाश्वत होता असं त्यांचं मत होतं, पण ते मत त्या माहेरी गेल्यावरच कानावर यायचं.

त्यांचं खरं दैवत मात्र कोरम. कोरम म्हणजे सभेला हजर असावी लागणारी कमीत कमी माणसं. ती जमली नाहीत तर सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करायची, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच विषयावर पुन्हा भरवायची. मग कोरमची गरज उरत नाही, आले तेवढ्यांनी ठराव केला तरी चालतो. हा नियम लाखो लोकांना माहीत असेल, पण त्यावर प्रेम करणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं येतात. ती एकत्र करून मोठ्या शहरात पाठवायची, अशी संस्था भाऊजींनी काढली. डोंगरातून फळं आली, त्यांची ओसरी टोपल्यांनी भरली. आता ती टोपल्यांतूनच पाठवायची की खोक्यांतून, यावर सभा बोलावली. निम्मे सभासद लग्नाला गेलेले. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली. अर्ध्या तासाने भरली तेव्हा कोणीतरी म्हणालं, ट्रकचं काय. ट्रक हा विषय पत्रिकेवर नव्हता, आणि तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, म्हणून पुढच्या आठवड्याची नोटीस निघाली. जाऊबाई दारातून सांगत होत्या, “आवो, फळं फुटायलीत. तुमची नोटीस त्येन्ला कुणी दिली न्हाई वाटतं.” पुढच्या आठवड्यात कोरम झाला, ट्रक ठरला, आणि सभासदांनी ओसरीत बसून संस्थेचा सगळा माल खाल्ला. सगळ्यांच्या तोंडात बिया होत्या, त्यामुळे त्या दिवशीचे सर्व ठराव एकमताने मंजूर झाले.

घरातही हेच. त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला नेकनूरहून पाहुणे आले, पण मुलाच्या मामाची बस चुकली होती. भाऊजींनी घड्याळ पाहिलं आणि पोह्यांचा कार्यक्रम अर्ध्या तासासाठी तहकूब केला. पाहुण्यांना वाटलं, धारूरकडची काही रीत असेल. मुलगी आत पातळाच्या निऱ्या धरून उभी, पोहे झाकणाखाली, आणि बाहेर दोन्ही व्याही एकमेकांच्या चपलांकडे बघत बसलेले. लग्न जमलं, ते केवळ मुलगी गुणी होती म्हणून. जाऊबाई मला म्हणाल्या, “ताई, माज्या घरात आमटीला मीठ घालायचं म्हनलं तरी सूचक लागतो. अनुमोदन मीच देते, दुसरं हाय कोण.”

आमची गृहनिर्माण सोसायटी किल्ल्याच्या अंगाला, गावाच्या टोकाला. एकवीस घरं, मधे एक मोकळी जागा, त्या जागेत एक विहीर आणि लिंबाची, म्हणजे कडुलिंबाची, काही झाडं. भाऊजींच्या हातून टिकलेली संस्था ही एकच, आणि तिची खुर्ची हा त्यांचा जीव की प्राण. लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही तेव्हा टँकर सुरू झाले आणि विहिरीवर पाळ्या लागल्या. आंघोळ बाजेवर बसून करायची, बाजेखाली घमेलं ठेवायचं, साठलेल्या पाण्याने ओटा धुवायचा, उरेल ते लिंबाला घालायचं. हे त्या दिवसांत घरोघरी चालायचं, त्याला कोणी शिकवायला लागलं नाही. पण सगळे करतात आणि त्याची समिती नाही, हे भाऊजींना बघवेना. रोज सकाळी ते घमेल्यांच्या पाहणीला निघायचे. बायका त्यांना पाहून घाईने पदर सावरायच्या आणि ते डोळे मिटून, फक्त घमेल्यापुरते उघडून, शेरा द्यायचे. मला म्हणाले, “वहिनी, तुमच्या घमेल्यात फेस लई हाय. लिंबाला कोंडा झालेला न्हाई, इतका साबण कावून?” सहा महिने मी आंघोळ केली ती अशी, भाऊजींच्या शेऱ्याची धास्ती घेऊन.

विकासाचा दुसरा एक जाणकार आमच्या शेवटच्या घरात राहायचा. तो गुत्तेदार, म्हणजे सरकारी रस्त्यांची कंत्राटं घेणारा. ज्या जमिनीवर गवत उगवू शकतं ती जमीन मागासलेली, असं त्याचं साधं तत्त्व होतं. मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक, वर कमान, कमानीवर दिवे, आणि दिव्यांच्या मधोमध बहुधा त्याचं नाव, एवढा त्याचा आराखडा होता. त्यासाठी त्याला खुर्ची हवी होती. खरं सांगते, त्याच्या ब्लॉकांचं मला वाईट वाटत नव्हतं. उडणाऱ्या धुळीने माझी फरशी दिवसातून तीनदा पुसावी लागायची, आणि मोकळी जागा म्हटली की लोकांना तिथे काहीही टाकावंसं वाटतं.

त्या उन्हाळ्यात एक धनगरीण आपली मेंढरं घेऊन डोंगरातून उतरली. दर वर्षी त्या वाटेने ती जायची, पण वाटेवरचे सगळे पाणवठे आटले होते. ती येऊन आमच्या विहिरीपाशी उभी राहिली. मागे मेंढरं माना खाली घालून उभी होती, ओरडतही नव्हती. विहिरीच्या काठावर पाटी होती, ‘पाणी फक्त सभासदांसाठी.’ पाटी भाऊजींनीच लावलेली, नियमही त्यांनीच लिहिलेला. गुत्तेदार लगेच बाहेर आला.

“काका, नेम तुमचाच हाय. हितं माणसांना दोन घागरी पुरंनात आन तुमी मेंढरं पाजणार?”

“मी कुठं पाजायलोय,” भाऊजी म्हणाले.

“मग सांगा तिला, हो म्होरं.”

“तेबी सांगायलो न्हाई.” आणि भाऊजी घरात जाऊन पोटनियमांचं पुस्तक घेऊन आले. उन्हात उभं राहून त्यांनी ते चाळलं. मग म्हणाले, “नाममात्र सभासद करून घेता येतो. कमिटीची तातडीची सभा लावतो. आत्ता, हितंच.”

कमिटीत गुत्तेदार धरून आम्ही सात जण होतो. बायकांची म्हणून एक जागा असते, ती माझी. कोरमला चार जण लागायचे. गुत्तेदाराला हा हिशेब पाठ होता, तहकुबीनंतरचा नव्हता. तो हसला आणि आपले तिघे घेऊन सरळ घरी निघून गेला. उरलो तिघं, भाऊजी, मी आणि निवृत्त पोस्टमास्तर. भाऊजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं की कोरमअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येत आहे.

धनगरीण त्यांच्याकडे बघतच राहिली. “आवो दादा, जित्राबं मराय लागलीत. घड्याळात काय बगताय? दोन बादल्या वाढा की.”

मी त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, “भाऊजी, आता पुरे. पाजा त्यांना, कोण बघतंय.”

“वहिनी, आत्ता गुपचूप पाजलं तर आजच्या दिसाला मिळंल,” ते म्हणाले. “उद्या दुसरा कुणी चेअरमन आला की हिला हाकलून देईल, आन त्याचं चुकणार न्हाई. ठरावानं पाजलं तर हिला दर साली मिळंल. हक्कानं.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “मावशी, तीस मिंटं. सावलीला घ्या त्यांना.”

इतका लांब अर्धा तास मी आयुष्यात पाहिला नाही. मेंढरं लिंबाखाली दाटीने उभी होती. एक कोकरू बसलं, धनगरणीने त्याला पदराने वारा घातला, स्वतःच्या तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं आणि भाऊजींकडे पाहून जे काही ती बोलली ते मी तुम्हाला लिहिणार नाही. जाऊबाईंनी बादल्या, घमेली, परात, काय सापडेल ते आणून विहिरीपाशी मांडून ठेवलं. भाऊजी पाटीजवळ उभे, घाम टोपीतून कानावर उतरतोय, नजर घड्याळावर. वेळ झाली. सभा भरली. ठराव असा, की सदर महिलेस नाममात्र सभासद करून घ्यावे, तिच्या जनावरांसाठी दरवर्षी ती येईल त्या दिवशी प्रत्येक घराने एक घागर सोडावी, मेंढरं दोन दिवस मोकळ्या जागेत बसावीत आणि त्यांच्या लेंड्या झाडांना मिळाव्यात. सूचक पोस्टमास्तर, अनुमोदक मी. पत्त्याच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. भाऊजी म्हणाले, “लिहा, सध्या लिंबाखाली.” माझी सही वाळायच्या आत पहिली बादली वर आली होती, आणि ती ओढत होते स्वतः चेअरमन.

दोन दिवस मेंढरं बसली. लेंड्यांच्या वासाने माझ्या घरात देवघरापर्यंत ठाण मांडलं, आणि दोरीवरच्या पांढऱ्या चादरी मला पुन्हा धुवाव्या लागल्या, त्याही घमेल्यातल्या पाण्यात. गुत्तेदार घरोघर सांगत फिरला, की आपल्या घागरी मेंढरांनी पिल्या, आता पुढल्या साली कुणाच्या बैलाला सभासद करतात ते बघा. लोक हसले, आणि हसता हसता त्याच्या बाजूला गेले.

पुढच्या वर्षी सोसायटीची निवडणूक आली. भाऊजी आणि गुत्तेदार समोरासमोर, घरामागे एक मत, चिठ्ठी घडी करून डब्यात टाकायची. मतदानाच्या दिवशी धनगरीण हजर. कुठून बातमी कळली कोण जाणे. सभासदत्वाचा कागद तिने चोळीत घडी करून ठेवला होता, तो काढून ती रांगेत उभी राहिली. गुत्तेदार काही म्हणायच्या आधी भाऊजीच पुढे झाले.

“मावशी, नाममात्र सभासदाला मत नसतं.”

“मग मी कशाची मेंबर?”

“पाण्याची.”

“आन तुमी पडलात तर?”

“तरीबी पाण्याची. ते ठरावात हाय.”

ती रांगेतून बाजूला झाली, पण गेली नाही. मोजणी होईपर्यंत लिंबाखाली बसून राहिली. भाऊजी एका मताने पडले. तिने विचारलं, “आता तुमी कोण?” भाऊजी म्हणाले, “सभासद.” तिला ते पटलेलं दिसलं. सभासद म्हणजे काय ते तिला त्या वेळी आमच्या सगळ्यांपेक्षा बरं कळत होतं.

ब्लॉक आले, कमान आली, दिवे आले. मेंढरांचा ठराव रद्द करावा असं गुत्तेदाराच्या मनात फार होतं, पण त्यासाठी विशेष सभा लागते, आणि कमानीखाली फोटो काढायला येणारी माणसं विशेष सभेला येत नाहीत. त्यामुळे धनगरीण अजूनही दर साली येते, आणि तिची मेंढरं नव्या कोऱ्या ब्लॉकांवरून टकटक करत विहिरीवर जातात.

भाऊजी गेले त्याला आता तीन पावसाळे झाले, म्हणून लिहिते. ते एक मत माझं होतं. घरातलं मत तुमच्या आजोबांनी नेहमीसारखं माझ्यावर सोडलं होतं, आणि चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ, एकसारख्या, धुता येतील अशा फरशा आल्या. भाऊजी तसेही निवडून येतील, असं मी धरून चालले होते. तुमच्या आजोबांना मी हे कधी सांगितलं नाही.

निकालाच्या संध्याकाळी भाऊजी आमच्याकडे आले. मी चहा टाकला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला. कोणाचं मत फिरलं असेल याचा अंदाज बांधायला अख्खी सोसायटी बाहेर ओट्यावर जमली होती, पण त्यांनी तो विषय काढला नाही. उठताना दारात थांबून म्हणाले, “वहिनी, ब्लॉक बसवताना उतार विहिरीकडं ठेवायला सांगा त्यांना. सगळं पाणी गटारात जाईल न्हाई तर. तुमी सांगितलं तर ऐकतील ते.”

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. गुत्तेदाराच्या माणसांनी दोरी लावून उतार काढला तेव्हा मी दोन दिवस उन्हात उभी राहून तो बघून घेतला. आता पाऊस झाला की पाणी आधी कमानीपाशी थोडं घुटमळतं, मग ब्लॉकांवरून हळूहळू विहिरीकडे जातं. ओट्यावर बसलं की ते पडताना ऐकू येतं.